विट्याहून गुहागर, पॅलास गलसाठी

फेब्रुवारी निम्मा सरला की कोकण किनाऱ्यावरच्या कुरवांची परतीची गडबड सुरू होते. आपल्या देशात येणाऱ्या कुरवांमध्ये सगळ्यात थोराड म्हणजे पॅलास गल. त्याचा मनासारखा फोटो काढायचा तर हाच काळ धरावा लागतो. हिवाळाभर या पक्ष्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे काजळ पुसल्यासारखा एक डाग तेवढा. विणीचा हंगाम जवळ आला की डोकं काळं व्हायला लागतं आणि चोचीच्या मुळापासून मानेपर्यंत गच्च काळं होतं. पण तसं झालं म्हणजे पक्षी निघायच्या बेतात आहे असंच समजायचं. कॅस्पियन समुद्राच्या परिसरापासून मंगोलिया-चीनपर्यंत जी मोठमोठी तळी आणि दलदली आहेत, तिथल्या बेटांवर याची वीण होते. मार्च लागला की आपल्या किनाऱ्यावर तो दिसेनासा होत जातो.

मी राहतो विट्याला. आमच्या खानापूर तालुक्याचा आणि समुद्राचा संबंध म्हणाल तर काहीच नाही. पावसाचा भरवसा नसलेला हा भाग. पोट भरायला माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि सोनं-चांदी गाळत देशभर पसरली. पक्षी बघायचे तर आमच्याकडे माळावरचे. चंडोल, धाविक, तितर, कापशी घार. पाणपक्ष्यांसाठी खटाव तालुक्यात जायचं, मायणीच्या तलावावर नाहीतर येरळवाडीला. रोहित येतात तिथे, चक्रवाक येतात, आणि पाण्यावर नदी सुरय घिरट्या घालत असतात. मला या वर्गातल्या पक्ष्यांची गोडी लागली ती त्या सुरयांमुळे. लांब टोकदार पंख, पिवळी चोच, आणि हवेत थबकून पाण्यात सूर मारण्याची ती रीत. नदी सुरय आज जगाच्या यादीत असुरक्षित पक्ष्यांमध्ये मोडतो, हे पुढे वाचनात आलं. मग सुरयांचे भाऊबंद कोण, म्हणून कुरवांकडे वळलो आणि कुरव बघायचे तर घाट उतरणं आलं.

त्यासाठी रस्ता मात्र दाराशीच आहे. गुहागर-विजापूर महामार्ग आमच्या गावातून जातो. जतच्या माळावरून येतो, विटा, कडेगाव, कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो आणि चिपळूणवरून थेट गुहागरच्या वाळूत जाऊन संपतो. लहानपणापासून मैलाच्या दगडांवर ‘गुहागर’ वाचत आलो. आमच्या गावातले किती तरी लोक त्या रस्त्यावर रोज असतात, पण कराडच्या पलीकडे सहसा जात नाहीत.

चिपळूणच्या एका पक्षीमित्राचा निरोप आला. गुहागरला कुरवांच्या थव्यात पूर्ण काळ्या डोक्याचा पॅलास गल दोनदा दिसला, थवा शेजारच्या असगोली गावाच्या बाजूला बसतो. मी लगेच कालनिर्णय काढलं. रविवार बघण्यासाठी नव्हे, तिथी बघण्यासाठी. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा, द्वादशी असेल तर नऊ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. येत्या रविवारी माघ वद्य तृतीया होती. म्हणजे पहाटे सव्वादोनला भरती आणि साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उजेड होईल तेव्हा पाणी उतरत असणार, ओली वाळू रुंद उघडी पडलेली असणार आणि थवा निवांत बसलेला असणार. याहून चांगला दिवस मिळाला नसता.

भाची कराडला शिकायला आहे. तिला कळवलं, तर ती म्हणाली, “मामा, मी दोन वाजताच आवरून बसते. तुम्ही फक्त हॉर्न वाजवू नका, हॉस्टेलच्या बाई उठतील.” पक्ष्यांची नावं मी तिला शिकवली, आता बारकावे ती मला दाखवते. डोळे तरुण आहेत आणि घाई अजिबात नाही. या छंदात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

मध्यरात्रीनंतर निघालो. कडेगावपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर कोणी नव्हतं. ऊस आमच्या बाजूला इतका पूर्वी नव्हता. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवून कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत नेतात. त्या पाण्यानं माळ हिरवे झाले, तलावांत उन्हाळ्यापर्यंत पाणी राहायला लागलं आणि त्या पाण्यावर पक्षी टिकायला लागले. माळावरच्या पक्ष्यांची जागा मात्र तेवढी कमी झाली. धाविक आता शोधावा लागतो. पाणी आलं याचा आनंद मला आहेच, पण ही दुसरी बाजूही मनातून जात नाही.

पाटण सोडलं की कोयनेचं खोरं आवळत जातं. कोयनानगरला चहा मिळाला. धरणाच्या दिशेला नुसते दिवे दिसत होते. शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात हे गाव उद्ध्वस्त झालं, ते सोसलेली म्हातारी माणसं आजही टपरीवर त्या पहाटेचं बोलतात. भाचीला मी सांगत होतो की या जलाशयाचं पाणी दोन्हीकडे जातं. पायथ्यातून सुटलेलं पाणी कोयना नदीनं कराडला येऊन कृष्णेला मिळतं आणि पुढे बंगालच्या उपसागराकडे निघतं. आपल्या विट्याला टेंभूतून जे मिळतं त्यातही ते आहे. आणि बोगद्यांतून सोडलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीला पडतं, वीज तयार करतं, कोळकेवाडीवरून वाशिष्ठी नदीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीनं अरबी समुद्राला जातं. गुहागर त्या खाडीच्या दक्षिणेला, जवळच.

“म्हणजे आपल्याच पाण्याच्या मागनं चाललोय आपण,” ती म्हणाली.

कुंभार्ली घाटात धुकं होतं. चिपळूणला अंधार, मार्गताम्हाण्याला पूर्वेकडे फिकट रेघ, आणि शृंगारतळी ओलांडेपर्यंत झाडांचे आकार दिसायला लागले. गुहागरच्या वरच्या पाटापाशी गाडी लावून नारळी-पोफळीच्या वाडीतल्या पाखाडीनं खाली उतरलो. सुरूच्या रांगेपलीकडे किनारा एकदम उघडतो. दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर सपाट, करडी वाळू. पाणी बरंच मागे गेलं होतं. माणूस दिसत नव्हता.

थवा दक्षिणेला होता. आम्ही त्याच्याकडे तोंड करून सरळ चालत गेलो नाही. आधी सुरूच्या सावलीतनं बरंच पुढे गेलो, मग तिरकं चालत, मध्ये मध्ये थांबत, पक्ष्यांना आपण त्यांच्याकडे येत नाही असं वाटेल अशा बेतानं. दुर्बीण लावली. पुढे छोटे कुरव, तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे. त्यांत फरक करायचा तर डोळा बघायचा. तपकिरी डोक्याच्याचा डोळा फिका, काळ्या डोक्याच्याचा गडद. पहिला तिबेट-लडाखच्या उंच तळ्यांवर जन्मलेला, दुसरा कुठून तरी उत्तर आशियातून आलेला. मागे मोठे कुरव, बहुतेक ह्युग्लिन गल, गडद करड्या पाठीचे. हे सैबेरियाच्या टुंड्रातून येतात. कडेला तुरेवाले सुरय आपले वेगळे बसलेले. इतक्या लांबचे इतके देश एका वाळूच्या पट्ट्यावर खांद्याला खांदा लावून बसतात, हे मी कितीदाही बघितलं तरी मला नवं वाटतं.

आणि एक गोष्ट त्या दिवशी नीट ध्यानात आली. कुरव बसतात ते वाऱ्याकडे तोंड करून, पिसं विस्कटू नयेत म्हणून. कोकणात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. दुपारनंतर तो फिरतो आणि खारा वारा सुटतो. म्हणजे सकाळी सगळा थवा जमिनीकडे, आमच्याकडेच तोंड करून बसणार. ऊन आमच्या पाठीवरून त्यांच्यावर पडणार. प्रकाशाच्या दृष्टीनं उत्तम. पण समोरून बघितलं तर कुरवाची चोच नीट दिसत नाही, कपाळाची उतरती ठेवणही कळत नाही, आणि पॅलास गल ओळखायचा तो त्यावरच. त्यानं मान वळवायची वाट बघत बसायचं.

“मामा, थव्याच्या मागं, पाण्याच्या कडेला. बसलेला नाही, उभा आहे.”

होता. बाकीच्यांच्या डोक्यावरून त्याचं डोकं दिसत होतं, इतका उंच. पॅलास गलचे पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दीड मीटरच्या वर भरतात. त्याच्या शेजारचा तपकिरी डोक्याचा कुरव त्याच्या खांद्याखाली होता. आणि डोकं गच्च काळं. छोटे कुरवही विणीच्या काळात डोक्यानं गडद होतात, पण आपल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या कुरवांत काळं डोकं फक्त याचंच. जर्मन निसर्ग अभ्यासक पीटर सायमन पॅलास यानं १७७३ मध्ये शास्त्राला त्याची ओळख करून दिली. तो रशियात राहून काम करत होता आणि कॅस्पियनच्या बाजूच्या मोहिमेत त्याला हा पक्षी मिळाला.

आता जवळ जायचं होतं. वाळूवर आडवे झालो. पुढे बीनबॅग, तिच्यावर १५०-६०० ची लेन्स, आणि कोपरांवर थोडं थोडं सरकायचं. सरकणं महत्त्वाचं नाही, थांबणं महत्त्वाचं. थव्याच्या कडेचे पक्षी सांगत असतात तुम्हाला कितपत चालेल ते. त्यांच्या माना आखडलेल्या असल्या, एक पाय पिसांत ओढलेला असला, तर ठीक. माना उंचावल्या, दुसरा पाय खाली आला, की थांबायचं. दोघं-चौघं चालायला लागले तर मागे सरकायचं. पुढचा टप्पा उडण्याचाच असतो. उडणाऱ्या थव्याचा फोटो दिसायला भव्य असतो, मला मान्य आहे. पण हे पक्षी पंधरवड्यात हिमालयापलीकडच्या प्रवासाला निघणार असतात. या दिवसांत त्यांचं काम दोनच, खाणं आणि विसावा घेणं. आपल्या चित्रासाठी त्यांना उठवलं की दोन्ही मोडतं. फोटो काढून झाल्यावर पक्षी जिथे होता तिथेच बसलेला असला तर तो फोटो माझा, नाहीतर नाही. हा नियम मी स्वतःपुरता धरला आहे आणि दरवर्षी तो मला जास्तच पटत जातो.

आम्ही थांबलो तिथून तो साधारण चाळीस पावलांवर असेल. लेन्समधून डोळ्याच्या वर आणि खाली पांढऱ्या दोन कोरी दिसत होत्या, काळ्या डोक्यात ठळक. पाय पिवळसर. चोच समोरून नुसती पिवळी. मग त्यानं खाली मान घातली, ओसरत्या लाटेत चोच बुडवली आणि वर केली. पाणी प्यायला. खारं पाणी. थोड्या वेळानं चोचीच्या टोकाला एक थेंब जमायला लागला. मी श्वास धरून बघत होतो. थेंब मोठा झाला, चकाकला, आणि पक्ष्यानं डोकं झटकून तो उडवला. परत दुसरा थेंब. कुरवांच्या डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात, त्या रक्तातलं जास्तीचं मीठ काढून घेतात. ते दाट खारं पाणी नाकपुड्यांतून येतं आणि चोचीवरून टोकाला ओघळतं. पुस्तकात वाचलेलं होतं. ते माझ्यासमोर घडत होतं, एकापाठोपाठ एक थेंब, आणि भाचीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला कॅमेरा हलेल अशी भीती वाटत होती.

थेंब झटकताना मान वळायची. त्या क्षणी चोच आडवी दिसायची. पिवळी, टोकाकडे लाल, आणि त्या लालावर काळा आडवा पट्टा. कपाळ चोचीपासून लांब उतरत गेलेलं. मी एक्स्पोजर थोडं उतरवून ठेवलं होतं, कारण पांढऱ्या छातीवर कोवळं ऊन पडलं की पिसांचा सगळा बारकावा धुऊन निघतो. शटर हळूहळू दाबत गेलो.

मग मागून गलका ऐकू आला.

ऊन वर आलं होतं आणि रविवार होता. माणसं यायला लागली होती. दोन मुलं, आठ-दहा वर्षांची, हात पसरून थेट थव्यात धावत गेली आणि त्यांच्या मागे मोबाइल धरून एक माणूस, “पळा, पळा, मधनं पळा” असं सांगत. सगळा थवा एकदम उठला. आवाज प्रचंड होता. आमच्या डोक्यावरून पंखच पंख गेले. भाचीनं उठून बसत कॅमेरा वर धरला. पॅलास गल सगळ्यांत शेवटी उठला, जड पंख मारत, आणि दक्षिणेला वळला.

त्या माणसाच्या गाडीचा नंबर पाखाडीपाशी बघितला होता, एमएच दहा. आमच्याच सांगली जिल्ह्याची. मी जवळ जाऊन विचारलं, “दादा, कुठलं गाव?”

“तासगाव. बागेचा माल गेला परवा, म्हटलं पोरांनी समुद्र बघितला नाही अजून. काय घावलं का साहेब, एवढं झोपून बघताय ते?”

द्राक्षाचा हंगाम काढून माणूस पोरांना समुद्र दाखवायला आला होता. त्याच्यावर चिडायला माझ्याकडे कारण नव्हतं. त्यानं केलं ते सगळीकडे चालतं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींवर कुरवांना शेव-कुरकुरे टाकायची जी सवय माणसांना लागली आहे, ती पाहून किनाऱ्या-किनाऱ्यावर लोक तेच करतात. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारवलेलं पीठ. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, आणि ते मी त्याला सरळ सांगितलं. कुठून येतात हे पक्षी, किती दिवसांनी परत जाणार, उठवलं की त्यांचं काय मोडतं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, “आपल्या बागेत पाखरं उठवायला आम्ही दिवसभर डबं वाजवतो साहेब. इथं उठवायचं नाही, हे कोण सांगणार?”

हे त्याचं म्हणणं मला विचार करायला लावणारं वाटलं. खरोखरच कोण सांगणार? कासवांच्या बाबतीत सांगणारं कोणी तरी होतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये वेळासला कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि आज किनाऱ्यावरच्या गावांनाच त्याचा अभिमान आहे. गुहागरलाही कासवांची अंडी राखली जातात. इथल्या मादी कासवांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून त्यांचा प्रवासही अभ्यासला गेला. त्याच वाळूवर बसणाऱ्या कुरवांसाठी मात्र एखादा साधा फलकही मला दिसला नाही. दोन ओळी पुरतील. थव्यात धावू नका, खायला टाकू नका.

मोठ्या मुलाला मी दुर्बिणीतून लांब बसलेले तुरेवाले सुरय दाखवले. धाकटा खेकड्यांच्या बिळांमध्ये रमला होता, त्याला पक्ष्यांत काही रस नव्हता. मोठ्यानं मात्र नाव विचारलं, परत विचारलं आणि वडिलांना जाऊन सांगितलं.

आम्ही असगोलीकडे चालायला लागलो. ऊन चटकायला लागलं होतं आणि वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते. मग लेन्स कितीही चांगली असू दे, लांबचा पक्षी धूसर येतो. घाई करून उपयोग नव्हता. वाटेत ओल्या वाळूत चिखले लाटेच्या पुढे पुढे पळत होते. वर एक समुद्र गरुड संथ गेला, तसे किनाऱ्यावरचे सगळे छोटे पक्षी क्षणभर वाळूला चिकटले.

असगोलीपाशी होड्या लागल्या होत्या. बायका जाळ्यातली मासळी निवडत बसल्या होत्या. कामाचं पाटीत, बारीक किंवा फुटलेलं मागे वाळूवर. थवा तिथे जमला होता, निवडणाऱ्या माणसांपासून दहा पावलांवर आणि अजिबात न बिचकता. ही माणसं रोजची, त्यांच्या हालचालींत पक्ष्यांना धोका नाही, हे पक्ष्यांना पक्कं माहीत होतं. आम्ही एका होडीच्या सावलीत बसायची परवानगी विचारली. एका मावशींनी जागा करून दिली आणि काय शोधताय म्हणून विचारलं. भाचीनं कॅमेऱ्यातला फोटो दाखवला.

“हा व्हय? हा या बारक्यांच्यात मिसळत नाय. लांब ऱ्हातो. मोठा मासा पडला की मग येतो.”

पक्षी पुस्तकात याच्या खाण्याविषयी बरंच लिहिलेलं आहे. मासे खातो, खेकडे खातो, इतरांच्या चोचीतलं हिसकावून घेतो. मावशींनी जे सांगितलं ते त्यात नव्हतं. तो खरंच लांब उभा होता, खडकांच्या बाजूला, एकटा. आम्ही बसून राहिलो. मावशी मासळी निवडत होत्या, त्यांच्या सुनेशी बोलत होत्या, मध्येच आम्हाला जेवलात का म्हणून विचारत होत्या. छोटे कुरव बारीक मासळीवर तुटून पडत होते, भांडत होते. बराच वेळ गेला. मग सुनेनं एक फुटलेला बांगडा मागे फेकला.

तो लगेच उठला. कोणी हाकललं नव्हतं, कोणी बोलावलं नव्हतं. आठ-दहा संथ फटकाऱ्यांत आला, पंख आवरताना शेपटी पंख्यासारखी उघडली, बाकीचे आपोआप बाजूला झाले, बांगडा उचलला आणि परत खडकांकडे गेला. मी सलग शटर दाबलं होतं. पाहिलं तर बहुतेक फोटोंत हवेच्या थरथरीनं कडा मऊ झालेल्या. एकात मात्र शेपटी पूर्ण उघडलेली, ऊन तिच्या आरपार आलेलं, आणि तोंडात बांगडा.

ही शेपटी मला हवी होती. पॅलास गलला पूर्ण वाढीचा पिसारा यायला चौथं वर्ष लागतं. त्याआधीही काही पक्ष्यांचं डोकं बऱ्यापैकी काळं होतं, म्हणून नुसत्या काळ्या डोक्यावरून वय ठरवता येत नाही. कमी वयाच्या पक्ष्याच्या शेपटीवर काळा पट्टा असतो. याची शेपटी स्वच्छ पांढरी होती.

दुपारी गुहागरला जेवलो, सोलकढी दोनदा मागून घेतली आणि तासभर झाडाखाली पडलो. परतीला चिपळूणच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी चहासाठी थांबलो तेव्हा भाचीनं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दिवसाची यादी भरायला घेतली. तिच्या कॅमेऱ्यात सकाळचा थवा उठतानाचा फोटो होता. खरं सांगायचं तर तो दिवसातला सर्वात देखणा होता. निळ्या आकाशावर शेकडो पंख आणि मधोमध काळ्या डोक्याचा तो, नखशिखांत रेखीव. शेपटी त्यातही दिसत होती.

“हाच टाकूया ना मामा. तुमच्यात कडा फुटल्यात.”

मी म्हणालो, “हा आपण ठेवूया घरी. हा टाकला की बघणाऱ्याला वाटणार, असा फोटो हवा तर थवा उठवावा.”

“पण आपण कुठं उठवला?”

“बघणाऱ्याला ते कसं कळणार?”

तिनं चहा संपेपर्यंत विचार केला. मला वाटलं वाद घालेल, तशी ती घालते. मग तिनं थेंब झटकतानाचा फोटो आधी चढवला, चोचीचे तिन्ही रंग दिसणारा. त्याच्यामागे बांगडेवाला, कडा मऊ असलेला. टिपणाच्या जागी लिहिलं: पॅलास गल, एक, प्रौढ. डोकं पूर्ण काळं, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी, शेपटी पूर्ण पांढरी, पट्टा नाही. आणि खाली तिनं स्वतःहून एक ओळ जोडली: असगोलीला मासळी निवडतात तिथे बसून बघावा, तो आपणहून जवळ येतो.